मोकळा घोडा, सरकारी कोंडवाडा आणि चाबुकस्वाराचे शंभर दिवस

२०१९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने एक योजना काढली. आमच्याकडचा एक रानटी घोडा दत्तक घ्या, वर्षभर नीट सांभाळा, आम्ही तुम्हाला १००० डॉलर देतो. ५०० सुरुवातीला, उरलेले ५०० घोडा कायदेशीर तुमच्या नावावर झाला की.

घोडाही मिळतोय आणि वर पैसेही. लोक आले. दत्तक घोड्यांचा आकडा भराभर वाढला. सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली की वर्ष भरून पैसे हातात पडले की काही लोक हे घोडे सरळ जनावरांच्या लिलावात नेऊन विकतात. तिथून कत्तलीसाठी घोडे भरणारे व्यापारी ते उचलतात. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ सालीच बंद झालेत, त्यामुळे हे ट्रक मेक्सिकोकडे किंवा कॅनडाकडे जातात.

ज्या घोड्याला खाटकापासून वाचवायला देशाने कायदा केला, त्याच घोड्याची पाठवणी सरकारी बक्षिसाच्या जोरावर खाटकाकडे होत होती. असं कसं झालं? ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

*

मस्टँग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यासमोर फोर्डची गाडी येते. तिच्या पुढच्या जाळीवर जो धावता घोडा आहे, तोच हा. पण मूळ शब्द स्पॅनिश. स्पेनमध्ये पशुपालकांची ‘मेस्ता’ नावाची जुनी संघटना होती. कळपातून सुटलेल्या, मालक नसलेल्या जनावराला त्यावरून ‘मेस्तेन्यो’ म्हणायचे. त्याचं इंग्रजीत मस्टँग झालं. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ ‘रानटी’ नाही. मूळ अर्थ ‘बेवारस’. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गंमत अशी की घोड्याची उत्पत्ती उत्तर अमेरिकेतलीच. तिथून तो आशियात, युरोपात पसरला आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी खुद्द अमेरिकेतून नाहीसा झाला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर घोडे नेले. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे १६ घोडे होते. १५९८ मध्ये स्पॅनिश वसाहतवाले आजच्या न्यू मेक्सिकोत पोचले, जनावरांचे कळप घेऊन. १६८० मध्ये तिथल्या प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना पिटाळलं आणि मागे राहिलेले घोडे मूळनिवासी जमातींच्या हाती लागले, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. पण २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, घोडे उत्तरेकडच्या जमातींपर्यंत पोचले होते आणि तिथले लोक त्यांचं संगोपनही करत होते.

कोमांची, लाकोटा, नेझ पर्स या लोकांचं सगळं जगणंच मग घोड्यावर उभं राहिलं. शिकार, स्थलांतर, लढाई, लग्नातली देवाणघेवाण, सगळं. रानातला घोडा शिकवायची त्यांची एक पद्धत म्हणजे त्याला खोल पाण्यात किंवा भुसभुशीत वाळूत नेऊन मग पाठीवर बसायचं. तिथे त्याला उसळता येत नाही, माणूस पडला तरी लागत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांचे मोठमोठे गुरांचे वाडे आले. तिथे घोडा शिकवणाऱ्याला डोईप्रमाणे पैसे मिळायचे. त्यामुळे कामाला घाई. दोर टाकून पाडायचा, डोळे बांधायचे, खोगीर कसायचं आणि तो दमून हरेपर्यंत उसळू द्यायचा. इंग्रजीत या कामाला ‘घोडा मोडणं’ असाच शब्द रूढ झाला. काही दिवसांत काम फत्ते. मोडलेला घोडा मनातून कधी मोकळा झाला की नाही, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

*

मग काटेरी तार आली (ग्लिडनचं पेटंट १८७४ चं). रेल्वे आली, मोटार आली, ट्रॅक्टर आला. घोड्याची गरज संपत गेली. माळावरच्या घोड्यांची संख्या एकेकाळी वीस लाख होती असा एक अंदाज नेहमी दिला जातो. अंदाजच तो, मोजलं कुणी नव्हतं. पण विसाव्या शतकात जे झालं ते नक्की माहीत आहे. पशुपालकांना आपल्या गुरांचा चारा खाणारा हा घोडा नको होता आणि कुत्र्या-मांजरांचं डबाबंद खाणं बनवणाऱ्या कारखान्यांना स्वस्त मांस हवं होतं. दोघांचं जमलं. विमानातून खाली उतरून, बंदुकीचे बार काढून कळप डोंगरातून सपाटीवर हाकायचे. खाली ट्रक तयार. ट्रकमधून फास टाकायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला जड टायर बांधायचा. घोडा तो टायर ओढत ओढत धावून थकून उभा राहायचा.

‘द मिसफिट्स’ हा १९६१ चा सिनेमा काहींनी पाहिला असेल. क्लार्क गेबल आणि मेरिलिन मन्रो. त्यात हेच दाखवलंय.

१९५० साली नेवाडातल्या रेनो शहराजवळ एक बाई सकाळी गाडीने कामावर चालली होती. वेल्मा जॉन्स्टन तिचं नाव. एका विमा व्यवसायातल्या साहेबाची सेक्रेटरी. लहानपणी पोलिओ झालेला, कित्येक महिने प्लास्टरमध्ये काढलेले, चेहरा आणि पाठ कायमची वाकडी झालेली. पुढे एक जनावरांचा ट्रक चालला होता आणि त्याच्या मागून रक्त ठिबकत होतं. ती त्या ट्रकच्या मागे मागे गेली. आत घोडे कोंबलेले होते, जखमी. एक शिंगरू बाकीच्यांच्या पायाखाली तुडवलं जात होतं.

ती घरी येऊन रडत बसली नाही, कागद गोळा करायला बसली. १९५२ मध्ये तिने आपल्या स्टोरी काउंटीत विमानाने घोडे हाकायला बंदी आणवली. १९५५ मध्ये नेवाडा राज्याचा कायदा झाला. पण नेवाडातली बहुतेक जमीन केंद्र सरकारची, तिथे राज्याचा कायदा चालेना. मग ती वॉशिंग्टनला गेली. कुणीतरी खिजवायला तिला ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हटलं. तिने तेच नाव लावून घेतलं. १९५९ मध्ये केंद्राचा कायदा झाला: सार्वजनिक जमिनीवर मोटार किंवा विमान वापरून रानटी घोडे पकडायचे नाहीत, पाणवठ्यात विष घालायचं नाही.

तरी पकडणं थांबलं नाही. मग तिने शाळेतल्या मुलांना हाताशी धरलं. देशभरातल्या मुलांनी खासदारांना पत्रं लिहिली, पेन्सिलीने, चित्रं काढून. व्हिएतनाम युद्ध सोडलं तर त्या काळात दुसऱ्या कुठल्याच विषयावर इतकी पत्रं आली नव्हती, असं आजही सांगितलं जातं. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. संसदेत विरोधात एकही मत पडलं नव्हतं. सार्वजनिक जमिनीवरचे रानटी घोडे आणि गाढवं हे देशाच्या इतिहासाचं जिवंत प्रतीक आहेत, त्यांना मारणं, पकडणं, छळणं हा गुन्हा आहे, असं कायद्याने ठरलं. सांभाळायची जबाबदारी मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे. थोडक्यात बीएलएम.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं.

*

कायदा झाला तेव्हा सरकारी अंदाजाने माळावर घोडे होते सतरा हजारांच्या आसपास. संरक्षण मिळाल्यावर ते वाढले. घोड्याचा कळप चांगल्या परिस्थितीत वर्षाला १५ ते २० टक्के वाढतो. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. लांडगे जवळपास संपवलेले, पहाडी सिंह थोडे आणि ठरावीक भागातच. नेवाडा, वायोमिंग, युटा हा सगळा कोरडा मुलूख. पाऊस आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. तिथे गवत पुन्हा यायला वर्षं लागतात.

आणि त्याच जमिनीवर गुरं चारायचे परवाने पशुपालकांकडे. त्यांचं म्हणणं, घोड्यांनी आमचं गवत संपवलं. घोडेप्रेमींचं म्हणणं, घोडे जिथे आहेत त्याच्या कितीतरी पट जमिनीवर तुमची गुरं चरतात, दोष घोड्याला का? दोघांच्याही बोलण्यात खरेपणा आहे, म्हणून हे भांडण पन्नास वर्षं चाललंय.

कायद्यातच एक वाट ठेवली होती. घोडे ‘जास्त’ झाले असं खात्याला वाटलं तर ते पकडून, चांगल्या रीतीने सांभाळणाऱ्या नागरिकांना द्यावेत. १९७३ मध्ये मोंटाना-वायोमिंगच्या सीमेवरच्या प्रायर डोंगरातून पहिले घोडे असे दिले गेले. १९७६ पासून योजना देशभर सुरू झाली. वर्षभर घोडा सरकारचाच राहतो, सांभाळ तुमच्याकडे. वर्षाने पशुवैद्यासारख्या जाणकाराने ‘घोडा नीट आहे’ असं लिहून दिलं की मालकीचा दाखला मिळतो.

अटी वाचल्या तर लक्षात येतं की काय प्रकारचं जनावर घरी येतंय. प्रत्येक घोड्यामागे किमान ४०० चौरस फूट मोकळी जागा. न शिकवलेल्या मोठ्या घोड्यासाठी कुंपण किमान सहा फूट उंच. सहा फूट! कारण पाच फुटांवरून तो उडी मारून जाऊ शकतो. प्रत्येकाच्या मानेच्या डाव्या बाजूला एक खूण असते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या लोखंडाने ती उठवतात, तिथले केस नंतर पांढरे उगवतात. त्या कोन-रेघांच्या लिपीत घोड्याचं जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो.

आजवर अडीच लाखांहून जास्त घोडे आणि गाढवं या मार्गाने लोकांकडे गेलीत. आकडा मोठा आहे. पण त्यातली किती घरी राहिली, हा प्रश्न वेगळा.

*

आता ‘बेवारस’ हा शब्द आठवा.

१९८४ ते १९८८ या काळात सरकारी कोंडवाडे भरून गेले होते. कुणी घोडे न्यायला तयार नव्हतं. मग खात्याने युक्ती काढली: एकदम जास्त घोडे नेणाऱ्याला शुल्क माफ. नियमाने एका माणसाला वर्षाला चारच घोड्यांची मालकी मिळू शकत होती. त्यावर उपाय म्हणून एकच माणूस दहा-वीस लोकांची मुखत्यारपत्रं आणायचा आणि शेकडो घोडे घेऊन जायचा. असे सुमारे वीस हजार घोडे गेले. वर्षाने मालकी मिळाली की हजारो घोडे कत्तलखान्यात. १९८७ मध्ये न्यायालयाने खात्याला सांगितलं की समोरचा माणूस घोडा विकून पैसे करणार आहे हे माहीत असताना तुम्ही मालकी देऊ शकत नाही.

२००४ मध्ये मोंटानाच्या एका सिनेटरने खर्चाच्या मोठ्या विधेयकात एक कलम घुसवलं: दहा वर्षांवरचे किंवा तीनदा मांडूनही कुणी न घेतलेले घोडे सरळ विकून टाका, पुढे काय होईल ते होवो. पुढच्याच वर्षी असे काही घोडे इलिनॉयमधल्या कत्तलखान्यात पोचले. गदारोळ झाला. तेव्हा फोर्ड कंपनीने पैसे भरून वाटेतले ५२ घोडे सोडवले होते. गाडीच्या जाळीवर घोडा लावलेला, काहीतरी लाज राखायला हवी ना.

नंतर २००९ ते २०१२ च्या दरम्यान कोलोरॅडोतल्या एकाच व्यापाऱ्याने सतराशेहून जास्त घोडे खात्याकडून विकत घेतले. चांगल्या घरी देतो म्हणाला. सरकारच्याच चौकशीत निष्पन्न झालं की ते कत्तलीसाठी मेक्सिकोकडे गेले.

आणि मग २०१९ ची ती हजार डॉलरची योजना. मार्च २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या केंद्रीय न्यायालयाने ती रद्द केली, कारण ती आणताना कायद्याने सांगितलेली प्रक्रियाच पाळली नव्हती.

चार वेळा, चाळीस वर्षांत, तीच चूक. प्रत्येक वेळी खात्याने घोडा ‘काढून टाकण्यासाठी’ सवलत दिली. कधी शुल्क माफ, कधी पडेल भावात, कधी वर रोख रक्कम. आणि प्रत्येक वेळी घोडा त्याच्याकडे गेला, ज्याला घोड्यात नाही, सवलतीत रस होता. साहजिक आहे. न शिकवलेला मस्टँग घरी आणून साधा माणूस करणार काय? हात लावू देत नाही, पाय उचलू देत नाही, खूर वाढले तरी कापता येत नाहीत, आजारी पडला तर डॉक्टर जवळ जाऊ शकत नाही. हौसेने आणणारा सहा महिन्यांत घाबरतो. मग तोही लिलावाचा रस्ता धरतो. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याला दिलेलं काम त्याच्या आवाक्यातलं नसतं.

*

याच चाळीस वर्षांत दुसऱ्या बाजूला एक वेगळी गोष्ट हळूहळू चालली होती. तिला बातम्यांत फार जागा मिळाली नाही.

ऑरेगनमध्ये वाढलेला टॉम डॉरन्स आणि त्याच्या तालमीतला रे हंट यांनी पशुपालकांना उलटं सांगायला सुरुवात केली. घोडा मोडू नका, त्याला पटवा. घोडा हे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोर थोडंसं आणि शेपटीमागे दिसत नाही. पाठीवर पडणारं काहीही त्याच्या हिशेबात पहाडी सिंहच असतं. तेव्हा त्याची भीती हा हट्ट नाही, ती त्याची अक्कल आहे.

पद्धत ऐकायला सोपी. गोल रिंगणात घोडा सोडायचा. तो कडेकडेने पळत राहतो. माणूस मध्ये उभा. एक पाऊल पुढे टाकायचं. घोड्याने क्षणभर थांबून एक कान किंवा एक डोळा आपल्याकडे वळवला की लगेच पाऊल मागे. बक्षीस म्हणजे साखर नाही, बक्षीस म्हणजे दबाव काढून घेणं. हे शेकडो वेळा. हात लावायची वेळ येते तेव्हा काही जण आधी लांब बांबू वापरतात. बांबूच्या टोकाने मानेला, खांद्याला हळूच खाजवायचं. घोडा ठरवतो की हे काही चावत नाही. मग बांबू आखूड होत जातो आणि एक दिवस त्याच्या जागी हात असतो.

यात चुकीला माफी आहे, पण घाईला नाही. दबाव उशिरा काढला तर घोडा चुकीचंच शिकतो.

आपल्याकडे या कामाला शब्द आहे: चाबुकस्वार. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबुकस्वाराचं काम चाबकाने होत नाही, हे घोडा हाताळलेला कुणीही सांगेल. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पण त्या घोड्याला कुणीतरी शिंगरू असल्यापासून हाताळलेलं असतं, म्हणून तो रणात उभा राहतो. त्या माणसाचं नाव बखरीत सहसा येत नाही.

अमेरिकेत हे काम दोन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर झालं.

पहिलं ठिकाण तुरुंग. १९८६ मध्ये कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या तुरुंगात कैद्यांनी मस्टँग शिकवायला सुरुवात केली. पुढे वायोमिंगमधलं रिव्हर्टन, नेवाडातलं कार्सन सिटी, कॅन्सस, ॲरिझोना. कार्सन सिटीत एक कैदी साधारण चार महिने एका घोड्यासोबत काम करतो आणि मग जाहीर लिलावात तो खोगीर चढवलेला, स्वार घेणारा घोडा लोक बोली लावून नेतात. जो घोडा फुकट कुणी नेत नव्हता, त्याला काही हजार डॉलरची बोली लागते. सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाने तुरुंगात शिकलेले मस्टँग घेतले. अमेरिकन मरीन दलाच्या ध्वजधारी घोडेस्वार पथकानेही मस्टँगच वापरले. २०१९ मध्ये आलेला ‘द मस्टँग’ हा सिनेमा नेवाडातल्या या कामावरच बेतलेला आहे.

यातून कैदी सुधारतात का, यावर बोलणाऱ्यांना बोलू दे. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. कैद्याकडे वेळ असतो. या घोड्याला पैशापेक्षा जास्त वेळच लागतो, आणि तो बाहेरच्या धावपळीच्या जगात सगळ्यात महाग आहे.

दुसरं ठिकाण खाजगी शिकवणारे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या मस्टँग हेरिटेज फाउंडेशनने २००७ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थला एक स्पर्धा भरवली. शिकवणाऱ्यांना चिठ्ठीने एकेक कोरा मस्टँग दिला. हातात साधारण शंभर दिवस. शंभर दिवसांनी सगळ्यांनी आपापला घोडा घेऊन रिंगणात यायचं, काय शिकवलं ते दाखवायचं आणि मग घोड्यांचा दत्तक-लिलाव. लोक तिकीट काढून बघायला आले. शाळकरी मुलांसाठीही वेगळा गट झाला, एक वर्षाच्या शिंगरांना फक्त हाताने हाताळायचा.

याच संस्थेने शिकवणाऱ्यांना मानधन देण्याची योजनाही चालवली, आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. घोड्याला चार गोष्टी आल्या पाहिजेत: म्होरकी घालू देणं, दोरीने मागे चालणं, चारही पाय उचलून देणं, गाडीत चढणं-उतरणं. एवढं शिकवून, घोड्यासाठी घर शोधून दिलं की शिकवणाऱ्याला पैसे. उड्या नाहीत, कवायत नाही, स्वारीसुद्धा नाही. चार गोष्टी. पण या चार गोष्टी आल्या की साध्या घरातला माणूस त्या घोड्यासोबत राहू शकतो. नालबंद येऊ शकतो, डॉक्टर येऊ शकतो.

या घोड्यांची ताकद बघायची असेल तर ‘अनब्रँडेड’ हा २०१५ चा माहितीपट बघा. टेक्सासमधल्या चार तरुणांनी दत्तक मस्टँगवरून मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत प्रवास केला. सुमारे तीन हजार मैल.

*

आता हिशेब मांडू.

२०२३ च्या आर्थिक वर्षात खात्याने या कामावर १५ कोटी ७८ लाख डॉलर खर्च केले. त्यातले १० कोटी ८५ लाख, म्हणजे जवळपास ७० टक्के, गेले फक्त पकडलेली जनावरं पोसण्यात. सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत साठ हजारांहून जास्त घोडे आणि गाढवं उभी आहेत. भागाकार केला तर डोई वर्षाला १७०० ते १८०० डॉलर. आपल्या पैशात दीड लाखाच्या आसपास. घोडा वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. पाच वर्षांचा घोडा पकडला आणि कुणी नेला नाही, तर मरेपर्यंत त्याच्यावर आपल्या पैशात पंचवीस-तीस लाख खर्च होणार. आणि त्याच्या वाट्याला काय? ना माळ, ना माणूस.

त्या मानाने शंभर दिवसांची शिकवणी स्वस्तच म्हणायची.

पण शिकवणीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. २०२२ मध्ये एका वर्षात वीस हजारांहून जास्त जनावरं माळावरून उचलली गेली. दत्तक आणि विक्री मिळून गेली आठ हजारांच्या आत. तीही त्या बक्षिसाच्या काळात. त्याआधी काही वर्षं तर दत्तकाचा आकडा अडीच हजारांच्या आसपास होता. एक चांगला शिकवणारा एका वेळी किती घोडे घेणार? देशातले सगळे शिकवणारे, सगळे तुरुंग कामाला लावले तरी वर्षाला वीस हजार होणार नाहीत. माळावर २०२४ मध्ये अजून त्र्याहत्तर हजारांच्या वर जनावरं होती आणि खात्याच्या मते जमीन झेपवू शकते ती सव्वीस हजारांच्या आत.

म्हणून दुसरा उपाय माळावरच करावा लागतो. घोडीला लस टोचायची, जिने वर्षभर गर्भ राहत नाही. बंदुकीतून सुई मारून लांबूनच देता येते. वायोमिंगच्या मॅक्‌कलो पीक्समध्ये, कोलोरॅडोच्या लिटल बुक क्लिफ्समध्ये हे चालतं. घोडीला रंगावरून, कपाळावरच्या ठिपक्यावरून ओळखणारे स्वयंसेवक त्यात मदत करतात. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने खात्याला स्पष्ट सुनावलं होतं की नुसते घोडे उचलत राहिलात तर उरलेल्यांना चारा भरपूर मिळून ते अजून जोमाने वाढतात, लसीकडे वळा. ऐकलं गेलं, पण अर्धवट.

*

माझं म्हणणं थोडक्यात असं.

वेल्मा जॉन्स्टन १९७७ मध्ये गेली. तिने आपलं काम पूर्ण केलं होतं: मारणं थांबवायचा कायदा. पण ‘मारू नका’ आणि ‘सांभाळा’ यांच्यात फार मोठं अंतर असतं. पहिल्यासाठी एक सही पुरते. दुसऱ्यासाठी रोज कुणीतरी रिंगणात उभं राहावं लागतं, आणि त्या माणसाला पोट असतं. अमेरिकन सरकारने चाळीस वर्षं घोडा नेणाऱ्याला सवलत दिली, घोडा शिकवणाऱ्याला मात्र चिल्लर. उलटं करून बघायला हवं. पैसा घोडा हस्तांतरित झाल्यावर नको, त्या चार गोष्टी शिकवून झाल्यावर द्या, आणि वर्षाने घोडा त्याच घरात आहे हे कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघून या. जोडीला माळावर लस. दोन्ही कामं संथ आहेत, उद्घाटनाची फीत कापता येण्यासारखी नाहीत. कदाचित म्हणूनच मागे पडली.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली. आनंदच आहे. पण तो घोडा इतकी वर्षं टिकला तो नोंदीमुळे नाही. धनगर वाड्यांवर, भटकंतीत, बिऱ्हाड पाठीवर लादून चालवणाऱ्या माणसांनी तो रोज हाताळला म्हणून टिकला. नोंद कागदावर राहील. हाताळणारी माणसं राहिली नाहीत तर घोडा राहणार नाही.

तुमच्या गावात, वाड्यावर, नात्यात कुणी चाबुकस्वार होते का? घोडा कसा हाताळायचे, आधी कुठे हात लावायचे, काय बोलायचे त्याच्याशी? आजोबांकडून काही ऐकलं असेल तर जरूर सांगा. ही माहिती कुठल्याच दप्तरात नाही.